मराठवाड्यातल्या वाचनालयासाठी रानभाज्या आणि अळंबीची पुस्तकं कोणती घ्यावीत?

माळरान | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा पुस्तकं घ्यायला थोडे पैसे मिळालेत. कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची यादी लगेच झाली. मी समितीत एकच हट्ट धरला, की एक फळी रानभाज्या आणि अळंबीसाठी ठेवायची. ओळखायच्या कशा, रांधायच्या कशा आणि ज्या लावता येतात त्या लावायच्या कशा, या तिन्ही गोष्टी त्या फळीवर मिळायला हव्यात. हट्ट मान्य झाला, आता पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडं आलंय.

हट्टाचं कारण सांगते. मृगाचा पाऊस झाला की आमच्या बालाघाटच्या उतारावर खाण्यासारखं किती तरी उगवतं. खुरपायला गेलेल्या बाया संध्याकाळी ओच्यात कुंजीर, तांदुळजा, पाथरी घेऊन येतात. पण त्यांच्याच घरातल्या आठवी-नववीच्या पोरींना मेथी, पालक आणि शेपू सोडून एक पानही ओळखता येत नाही. आई शेतात, पोरगी शाळेत. एकत्र रानात जाणंच राहिलं नाही, तर शिकणार कुठून?

आतापर्यंत जे चाळलं त्यानं समाधान झालेलं नाही. इंग्रजी पुस्तकं देखणी आहेत, पण त्यातलं जंगल ओक आणि पाइनचं. मराठीत पुस्तिका पुष्कळ मिळतात. बऱ्याच एकमेकींवरून उतरवल्यासारख्या वाटतात. प्रत्येक भाजी ‘वातहर, पित्तशामक’, फोटो तिकिटाएवढा, त्यात पानाची कड गोल की दातेरी तेही दिसत नाही. ज्यांनी खरंच पुस्तक हातात घेऊन रानात पाहिलंय त्यांनी सांगा, काय घ्यावं आणि काय टाळावं?

---

पळसपान | १२ जुलै, रात्री ११.०५

माळरानताई, फार चांगलं काम हाती घेतलंय. मी किनवटकडचा. आमच्याकडं सागाचं जंगल आणि गोंड, कोलाम, आंध लोकांची वस्ती, त्यामुळं हा विषय रोजच्या जेवणातला आहे.

फळीवर पहिलं पुस्तक व्ही. एन. नाईक यांचं ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ असू द्या. फ्लोरा म्हणजे एखाद्या भागातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद. १९९८ साली औरंगाबादच्या अमृत प्रकाशनानं दोन खंडांत काढलं. त्याआधी १९७९ मध्ये त्यांनी उस्मानाबाद जिल्ह्याचा फ्लोरा लिहिला होता. महाराष्ट्रात वनस्पती ओळखायला बसलेला माणूस आधी थिओडोर कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’कडे वळतो. १९०१ ते १९०८ मध्ये भागाभागानं आलेला तो ग्रंथ आजही उपयोगी आहे. पण तो मुंबई इलाख्याचा. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणून कुकच्या कक्षेबाहेर. आपल्याकडच्या झाडाझुडपांची एकत्र, नीट नोंद व्हायला नाईक सरांपर्यंत थांबावं लागलं. म्हणून ते पुस्तक आपल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात असावं असं मला मनापासून वाटतं.

दुकानात सहज मिळेल असं धरून चालू नका. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. तिथं असेल तर निदान लागतील ती पानं पाहता येतील.

भाषा इंग्रजी आणि शास्त्रीय आहे, एकट्यानं वाचायला जड जाईल. पण अशा ग्रंथातला खरा ऐवज म्हणजे ओळखतालिका. पानं समोरासमोर की एकाआड एक, कड कशी, ग्रंथी कुठं, असे प्रश्न क्रमानं विचारत ती आपल्याला एका नावापाशी आणते. दहावीच्या मुलांना विज्ञानाच्या शिक्षकांनी एक दुपार दिली तर जमतं.

हे सगळं कशासाठी, त्याचं एकच उदाहरण देतो. तरोटा (टाकळा) सगळे खातात. त्याच उकिरड्याच्या कडेला कासविंदा उगवतो. दोघांची फुलं पिवळी, दोघं एकाच कुळातले. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या (एकाच पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, पर्णिकेचं टोक गोलसर, आणि खालच्या जोड्यांच्या मधोमध देठावर एक बारीक ग्रंथी उभी. बोटानं चाचपली तरी लागते. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याला चार-पाच किंवा जास्त जोड्या, टोकं अणकुचीदार, ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, पान चुरगळलं की उग्र वास, शेंग चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर घाला. तेव्हा पोरींना तरोटा शिकवाल त्याच दिवशी कासविंदाही उपटून शेजारी ठेवा.

---

खुरपं | १३ जुलै, सकाळी ७.२०

पळसपान यांनी ओळखीचं छान सांगितलं. मी औशाची (लातूर), रांधण्याबद्दल बोलते.

रानभाज्यांच्या पाककृतीचं पुस्तक घेताना मी एक पाहते: भाजी कधी खुडायची ते लिहिलंय का? ‘एक जुडी कुंजीर, बारीक चिरून’ एवढ्यावर जे पुस्तक सुरू होतं ते बाजारच्या पालकाच्या हिशोबानं लिहिलंय. कुंजिराला गुलाबीसर लांब तुरे आले की ती संपली, चोथा लागतो. शेंडा नखानं टचकन तुटला पाहिजे. तुटताना धागा निघाला तर तशीच सोडून पुढं जायचं. तरोटा पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे, बस. वाघाटी आषाढी बारशीला उपास सोडायला लागतात म्हणून सगळ्यांना माहीत, पण ती आधी उकडून पाणी टाकायचं असतं हे कितीशा पुस्तकांत असतं?

आमच्याकडची कुंजीर अशी: करडीच्या तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ द्यायचा, हिरवी मिरची, मग भिजवलेली मुगाची डाळ, वरून चिरलेली भाजी. झाकण ठेवायचं नाही, भाजीचं पाणी भाजीतच आटू द्यायचं. उतरवताना शेंगदाण्याचं कूट. ज्वारीच्या भाकरीशिवाय तिला चव नाही. पाथरी शिजवायचीच नाही. तिचा घोळाणा करायचा: कच्ची पानं चिरून त्यात कांदा, मीठ, तिखट, कूट आणि वरून कच्चं तेल. थोडी कडवट लागते, तीच तिची गंमत.

आता कुठल्याही पुस्तकात न सापडलेली आणि आज सगळ्यांत मोठी गोष्ट. सोयाबीन पेरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तणनाशक फवारतात. नेमकं तेव्हाच बांधाला तांदुळजा आणि कुंजीर कोवळी असते. फवारलेली भाजी एक-दोन दिवस हिरवीगारच दिसते, पिवळी नंतर पडते. दुसऱ्याच्या रानातली भाजी असेल तर फवारणी कधी झाली हे मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये. आमची आई सांगते, ७२ च्या दुष्काळात सुकडीबरोबर तरोट्याची भाजी खाऊन लोकांनी दिवस काढले. तेव्हा बांधावरचं जे काही होतं ते निर्मळ होतं. आता भाजी तीच, पण ती कुठली हे आधी विचारावं लागतं. तुमच्या फळीवर पुस्तक कुठलंही ठेवा, हा कागद मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

---

माळरान | १३ जुलै, दुपारी १.१५

खुरपंताई, कागद नक्की लावते. शेजारच्या काकूंना आत्ताच वाचून दाखवलं, त्यांनी घोळीचंही लिहायला सांगितलं. घोळ समजून पोरं जमिनीवर पसरणारी छोटी दुधी उपटून आणतात. काकूंची खूण सोपी आहे: देठ मोडून बघायचा. घोळ नुसती पाणीदार असते, दुधीतून पांढरा चीक येतो. चीक आला की टाकून द्यायचं आणि हात धुवायचे.

---

ढगाळ | १३ जुलै, रात्री ८.३०

भाज्यांचं झालं, अळंबीचं कोणी बोलना. कळमनुरी तालुक्यातून लिहितोय. आमच्या धुऱ्यावर वारूळ आहे, तिथं पावसानंतर उघडीप पडली की पांढऱ्या छत्र्या येतात. आजी तोडून आणायची, मटणाच्या मसाल्यात करायची. आजी गेली. आता कोण सांगणार खायची का नाही? फोटो काढून ओळखणारं ॲप आहे म्हणतात, नाहीतर रंगीत फोटोंचं एखादं चांगलं पुस्तक सांगा. फोटोशी जुळलं की झालं.

---

शतावरी | १३ जुलै, रात्री ९.५०

ढगाळदादा, आपल्याकडं अळंबी खाण्याची परंपरा जुनी आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात भाज्यांचे सहा प्रकार सांगितलेत: पान, फूल, फळ, नाळ, कंद आणि संस्वेदज. हा सहावा प्रकार म्हणजे अळंबी. स्वच्छ जागी, लाकडावर, बांबूवर किंवा गोठ्याच्या परिसरात आलेली पांढरी अळंबी फारशी दोषकारक नसते, बाकीच्या टाळाव्यात, असंही तिथं आहे. जुन्या ग्रंथांचाही एक कोपरा फळीवर असावा असं मला वाटतं.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जुलै, रात्री ११.५५

मी संभाजीनगरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. रात्र झाली आहे, तरी हे आत्ताच लिहितो, कारण पाऊस सुरू आहे आणि उद्या सकाळी कोणीतरी धुऱ्यावर जाईल.

ढगाळ, फोटोशी जुळलं म्हणून अळंबी खाऊ नका. पुस्तकातल्या नाही, ॲपमधल्या नाही, आणि इथं टाकलेल्या फोटोवरून कोणी ‘खा’ म्हणालं तरी नाही.

शतावरीताई, भावप्रकाशातलं वर्गीकरण सुंदर आहे आणि ते वाचनालयात असावंच. पण ‘पांढरी चालते’ हा नियम आज ताटापर्यंत नेऊ नये. ॲमानिटा वंशातल्या अत्यंत विषारी जातींपैकी काही पूर्ण पांढऱ्याशुभ्र असतात. आपल्याकडं पावसाळ्यात गवतावर, बागेत, मैदानात येणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही मोठी छत्रीही पांढरीच असते. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वलय, दिसायला इतकी चांगली की कोणालाही मोह व्हावा. कोवळेपणी तिच्या टोपीखालचे पडदेही पांढरेच, हिरवट झाक नंतर येते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि माणूस अक्षरशः गळून जातो.

त्याहून वाईट विष उशिरा बोलतं. ॲमाटॉक्सिन असलेली अळंबी खाल्ली तर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. त्यानंतर दिवसभर बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागतं. शिजवून, वाळवून, उकळून पाणी टाकून हे विष जात नाही. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो, किड्यांनी खाल्लेली चालते, टोपीची साल निघाली तर चांगली, या सगळ्या खुणा खोट्या आहेत. कोणी खाल्लीच असेल आणि त्रास उशिरा सुरू झाला असेल, तर बरं वाटलं तरी दवाखाना सोडायचा नाही. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून डॉक्टरांकडं न्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते आणि ओळखता येत नाही.

आता पुस्तकं. महाराष्ट्राच्या अळंबीवरचं एक काम मी जरूर सुचवेन. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या छत्रीवाल्या अळंबींवर एक ग्रंथ काढला, त्याचा एक भाग खास महाराष्ट्रावर आहे. तो अभ्यासकांसाठी आहे, सूक्ष्मदर्शकाशिवाय पुढं सरकत नाही. पण एक गोष्ट तो पक्की शिकवतो: रंग आणि आकार हा ओळखीचा शेवट नसून सुरुवात आहे. इंग्रजीत डेव्हिड अरोरा यांचं ‘मशरूम्स डिमिस्टिफाइड’ (१९७९, सुधारित आवृत्ती १९८६) मला फार आवडतं. एखादी अळंबी हातात घेऊन काय काय बघायचं, याची इतकी जिवंत शिकवण दुसरीकडं वाचली नाही. पण तो अभ्यास उत्तर अमेरिकेचा, त्यातही मुख्यतः कॅलिफोर्नियाचा. पद्धत घ्या, नावं घेऊ नका.

हे का, ते एका दुःखद गोष्टीवरून कळतं. आग्नेय आशियातून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांनी तिथली डेथ कॅप ही जीवघेणी ॲमानिटा स्वतःच्या मुलखातली भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून खाल्ली आणि जीव गमावले. ती माणसं अडाणी नव्हती. त्यांचं ज्ञान त्यांच्या मुलखात अचूक होतं. मुलूख बदलला आणि तसाच दिसणारा दुसरा जीव समोर आला.

मुलांना शिकवायचं असेल तर बीजाणूंचा ठसा घ्यायला शिकवा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा. अळंबीचा देठ कापून टोपी पडद्यांची बाजू खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळी वाटी उचलली की कागदावर पडद्यांची नक्षी उमटलेली असते. पांढरी, गुलाबी, तपकिरी, काळी. क्लोरोफायलमची हिरवट. हात साबणानं धुतले की यात धोका नाही, आणि मुलं हरखून जातात.

ढगाळ, तुमच्या वारुळावरची बहुधा टर्मिटोमायसिस असावी. वाळवी वारुळात बुरशीची बाग राखते, तिच्यातूनच ही वर येते. टोपीच्या मधोमध टोक, देठ जमिनीखाली मुळासारखा लांबवर गेलेला, ठसा गुलाबीसर. म्हणून तर ती कोणाला बागेत लावता आलेली नाही, तिला वाळवी लागते. पण ‘बहुधा’ या शब्दावर जेवण करायचं नसतं.

---

ढगाळ | १४ जुलै, सकाळी ६.५०

सर, तुमचं सगळं पटलं, तरी एक राहून राहून वाटतं. आजीला ना ठसा माहीत ना पुस्तक. तिनं आयुष्यभर तोडून आणली, आम्ही सगळ्यांनी खाल्ली, कोणाला काही झालं नाही. ते ज्ञानच होतं ना? मग सरसकट ‘खाऊ नका’ म्हटलं तर ते ज्ञान तिच्याबरोबरच गेलं असं होतं. आमच्या वाड्यावर अजून दोन म्हाताऱ्या आहेत, त्या तोडतात.

---

खुरपं | १४ जुलै, सकाळी ८.१०

ढगाळदादा, आजीचं ज्ञान खरंच होतं. पण आजी दिसेल त्या छत्रीला हात लावत नव्हती, हेही बघा. तेच वारूळ, तोच महिना, तीच एक जात. बाकी शंभर छत्र्यांना ती ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून ओलांडून जायची. तिला चांगली अळंबी माहीत होती त्याहून जास्त, कशाला शिवायचं नाही ते माहीत होतं. फोटोत ते येत नाही.

त्या दोन म्हाताऱ्या आहेत तर त्यांच्याबरोबर जा. या पावसाळ्यात जा. त्या काय उपटून बघतात, कशाचा वास घेतात, काय टाकून देतात ते लिहून घ्या.

---

सूक्ष्मदर्शी | १४ जुलै, सकाळी १०.३०

खुरपंताईंशी पूर्ण सहमत. माझा आक्षेप आजींवर नाही, आजी नसताना फोटोवर विसंबण्यावर आहे. ढगाळ, त्या आजींनी तोडलेली एक अळंबी मुळासकट, न तुटता खणून काढा. देठ किती खोल जातो ते मोजा, ठसा घ्या, सुकवून कागदी पाकिटात तारखेसह ठेवा. आपल्या भागातल्या कॉलेजात दाखवा किंवा मला कळवा, मी पाहीन. आजींचं ज्ञान आणि शास्त्राची नोंद एका पाकिटात आली तर पुढच्या माणसाला दोन्ही मिळतील. मराठवाड्याच्या अळंबीवर मराठीत सर्वसामान्यांसाठी लिहिलेलं, मी भरवशानं हातात देईन असं पुस्तक आज माझ्याकडं नाही. ते याच पाकिटांतून तयार व्हावं लागेल.

---

पानगळ | १४ जुलै, दुपारी १२.४५

मूळची बीडची, सध्या पुण्यात. माळरान, ऑनलाइन स्वस्तात मिळणारी रानभाज्या-अळंबीची ई-पुस्तकं अजिबात घेऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटीनं जाहीर इशारा दिला होता, की ॲमेझॉनवर यंत्राकडून लिहून घेतलेली अळंबी ओळखण्याची पुस्तकं विकली जात आहेत आणि ती जिवावर बेतू शकतात. लेखकानं आधी काय काम केलंय, कुठल्या भागात फिरलाय, हे सापडलं नाही तर पुस्तक परत ठेवायचं. ज्या पुस्तकात विषारी जोडीदाराचा उल्लेख नाही, नुसती खाण्याची यादी आहे, तेही परत ठेवायचं.

रिचर्ड मेबी यांचं ‘फूड फॉर फ्री’ (१९७२) मात्र वाचनालयात असावं असं वाटतं. ते ब्रिटनचं, त्यातलं जवळजवळ काहीच आपल्या बांधावर सापडणार नाही. पण रस्त्याकडेच्या झुडपांबद्दल माणूस किती प्रेमानं आणि नेमकेपणानं लिहू शकतो हे त्यातून कळतं. गावातल्या एखाद्या मुलीनं ते वाचून बालाघाटावर तसं लिहायला घेतलं तर?

---

बुरशीबाग | १४ जुलै, रात्री १०.२०

परभणीहून. लागवडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अळंबी खायची हौस असेल तर रानातली तोडण्यापेक्षा घरी पिकवा, हे माझं ठाम मत. जात माहीत, बी (स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेली बुरशी) माहीत, भीती नाही.

पॉल स्टॅमेट्स यांचं ‘ग्रोइंग गुर्मे अँड मेडिसिनल मशरूम्स’ (१९९३) या क्षेत्रात सगळे मानतात. बुरशी कशी वाढते, कशानं बिघडते, हे समजून घ्यायला उत्तम. पण लेखक अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या थंड, ओल्या प्रदेशातला. त्याच्या लाकडी ओंडक्यांचा आणि भुशाचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याकडं सोयाबीनचं भुसकट आहे, गव्हाचं काड आहे, उसाची चिपाडं आहेत. आपल्यासाठी हिमाचल प्रदेशातल्या सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयाचं साहित्य जास्त कामाचं. १९८३ पासून ही संस्था फक्त अळंबीवर काम करते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं अळंबी केंद्र आहे. आधी आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा. हातानं एक पिशवी भरली की पुस्तकातली दहा पानं आपोआप कळतात.

सुरुवात धिंगरीनं (ऑयस्टर मशरूम) करा. बटनच्या नादी लागू नका. तिला फळधारणेला १४ ते १८ अंश तापमान लागतं, आपल्याकडं एसीशिवाय ते शक्य नाही. धिंगरीला २० ते २८ चालतं, म्हणजे पाऊस लागल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपलंच हवामान.

भुसकट नवं, पावसात न भिजलेलं हवं. काळं पडलेलं, कुबट वासाचं घेऊ नका, त्यात आधीच दुसरी बुरशी बसलेली असते. रात्रभर भिजत घालायचं, सकाळी ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर उकळी फुटायच्या बेतात पाणी ठेवा. फॉर्मेलिन आणि बुरशीनाशकाची पद्धतही पुस्तकांत असते, पण घरात लेकरं असतील तिथं मी ती सांगत नाही. मग स्वच्छ ताडपत्रीवर सावलीत पसरून निथळू द्यायचं. मूठभर घेऊन घट्ट पिळा: तळहात ओला झाला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. सगळं पीक या मुठीवर अवलंबून आहे. पाणी जास्त राहिलं तर पिशवीच्या बुडाशी हिरवी बुरशी धरते आणि आंबूस वास येतो.

१० किलो ओल्या भुसकटाला २०० ग्रॅम बी, थराथरानं. पिशवीला टाचणीनं भोकं. पंधरा ते वीस दिवस अंधाऱ्या खोलीत. पांढऱ्या धाग्यांनी भुसकट वीट झाल्यासारखं घट्ट झालं की पिशवी कापायची, उजेड आणि खेळती हवा द्यायची, भिंतींवर आणि जमिनीवर पाणी मारून ओलावा ८०-८५ टक्के ठेवायचा. गोणपाटाचे ओले पडदे आपल्याकडं पुरतात. १ किलो वाळल्या भुसकटाला ५०० ते ८०० ग्रॅम ताजी अळंबी हा वास्तव हिशोब. तोडायला उशीर करू नका. कडा वर वळायला लागल्या की बीजाणू उडतात, त्यानं खोकला आणि ॲलर्जी होते. नाकाला रुमाल बांधूनच खोलीत जा.

उन्हाळ्यात दुधी अळंबी. ही आपल्याच देशातली, १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून तिची नोंद झाली आणि तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठानं ती घरोघर नेली. ३० ते ३५ अंशांत येते. फक्त पिशवी कापल्यावर वर मातीचा निर्जंतुक थर द्यावा लागतो, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात ओलावा टिकवणं हेच खरं कष्टाचं काम. पाण्याचा टँकर येणाऱ्या गावात दुधीच्या भानगडीत पडू नका, हे स्पष्ट सांगतो.

एक सावधगिरी. ‘बी आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ’ म्हणणाऱ्या एका कंपनीकडून मी महागडं बी घेतलं होतं. माल तयार झाला तेव्हा फोन उचलायला कोणी नव्हतं. आधी गावातलं गिऱ्हाईक शोधा, मग पिशव्या वाढवा. उरलेला माल वाळवून ठेवता येतो, १० किलो ताज्याचे साधारण १ किलो होतात.

---

माळरान | १६ जुलै, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीपुढं हा धागाच वाचून दाखवला. ठरलं ते असं.

नाईक सरांच्या ग्रंथाचा शोध घ्यायचा, प्रत मिळाली नाही तर कॉलेजाला पत्र देऊन मुलांना तिथं न्यायचं. अरोरा, स्टॅमेट्स आणि मेबी घ्यायचे, पण प्रत्येकाच्या पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची: हे पुस्तक कोणत्या देशाचं आहे आणि त्यातलं काय आपल्याकडं लागू नाही. सोलनचं साहित्य मागवायचं. मराठी पुस्तिकांपैकी ज्यात विषारी जोडीदार आणि खुडायची वेळ दिलीय तेवढ्याच घ्यायच्या. स्वस्त ई-पुस्तकं नाहीत. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव असतो, तिथं पोरींना घेऊन जायचं.

आणि एक जाड वही. शेजारच्या काकूंनी सोबत यायचं कबूल केलंय. एका पानावर एक भाजी: दाबून सुकवलेली फांदी, गावातलं नाव, शास्त्रीय नाव, कुठल्या बांधावर मिळाली, कोणी दाखवली, कधी खुडायची, कशी करायची, आणि शेजारच्या पानावर तिच्यासारखं दिसणारं पण न खायचं ते. अळंबीसाठी वेगळी वही, तिच्यात फक्त ठसे आणि नोंदी. पाककृतीला त्या वहीत जागा नाही.

लगेच अडचणही आली. कुंजीर, तरोटा, पाथरी वर्तमानपत्रात दाबून छान सुकली. घोळ मात्र हिरवीच राहिली, तिसऱ्या दिवशी सगळी पानं गळून पडली आणि कागदाला काळे डाग. मांसल भाज्यांचं काय करायचं?

---

पळसपान | १६ जुलै, रात्री १०.१५

घोळ उपटल्यावरही कागदात जिवंत राहते, म्हणून पानं गाळते. दाबायच्या आधी उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवा, फूल तेवढं पाण्याबाहेर धरा. मग टिपकागदावर निथळून घ्या आणि पहिले चार-पाच दिवस वर्तमानपत्र रोज सकाळ-संध्याकाळ बदला. पावसाळ्यात गठ्ठा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलात तर बुरशी धरणार नाही. फुलाचा पिवळा रंग सुकल्यावर जातो, तेव्हा तो ताजं असतानाच लिहून ठेवा.